शेळीला दिलेली जागा

आसामात पुराच्या ड्युटीवर आमची इंजिनियर कंपनी गेली, तेव्हा लेफ्टनंट अविनाश आडे यांना युनिटमध्ये येऊन सात महिने झाले होते. वय चोवीस. घर दारव्ह्याजवळच्या तांड्यावर. मी नायक भगत, केळापूरचा. त्यांच्या बोटीची मोटर मी चालवायचो. चारचौघांत आम्ही हिंदीत बोलायचो. माझ्याशी बोलताना साहेब मधेच वऱ्हाडीवर यायचे.

काम ठरलेलं होतं. ०४३० ला चहा, ०५०० ला बोट पाण्यात. बोटीत दहा माणसं, अकरावं नाही. हा नियम साहेब रोज आमच्याकडून म्हणून घ्यायचे.

चौथ्या दिवशी ०९१० ला आम्ही एका शाळेच्या छताला बोट लावली. वर गावातली सात माणसं. बोटीत साहेब, मी आणि पुढे बांबू धरलेला जवान. बरोबर दहा. सहा जण उतरून बसले. सातवी म्हातारी. तिच्याजवळ गाभण शेळी, दोरी मनगटाला गुंडाळलेली.

"शेळी पुढच्या फेरीत," मी हिंदीत सांगितलं. म्हातारीने बोटीत ठेवलेला पाय काढला आणि परत छतावर जाऊन बसली.

"सर, उचलून आणू का तिले?"

"आणशीन. थे पाण्यात उडी मारन." साहेब हसले. "माही याडीबी नसती आली शेळीबिगर."

याडी म्हणजे आई. साहेब छतावर चढले. शेळी उचलून माझ्या पायाशी ठेवली, म्हातारीला हात देऊन बसवलं. स्वतः वरच राहिले.

"माही जागा शेळीले."

"सर, तुम्ही..."

"दहाच झाले ना? मोज. निघ."

०९२२ ला बोट सुटली. जाऊन यायला पंचवीस मिनिटं. वाटेत मी वायरलेसवर विचारलं, "सर, पाणी किती? ओव्हर."

"खिडकी बुडाली. घाई नको करू, लाट उठते. ओव्हर."

०९४१ ला पुन्हा बोलावलं. उत्तर आलं नाही. ०९४८ ला पोचलो तेव्हा छत नव्हतं. भिंत खालून खचली होती. साहेब तिसऱ्या दिवशी स्लॅबखाली सापडले.

मी आता पेन्शनवर आहे. एका जागी फार वेळ बसवत नाही. आठवडी बाजारात शेळ्या बांधलेल्या दिसल्या की हात घड्याळाकडे जातो.

यंदा तांड्यावर साहेबांचं स्मारक होत आहे. मजकूर लिहायला स्मारक समितीने मला बोलावलं. फ्लेक्स आधीच छापून तयार. मागे बर्फाचे डोंगर, साहेबांच्या हातात रायफल.

"भाऊ, शत्रूशी लढताना असं टाका," समितीतला एक जण म्हणाला. "शेळीपायी मेले म्हटलं तर लोकं हसतीन."

"हसू दे. खोटं काहून लिहू?"

"शहीद वाटले पाह्यजे ना."

मरणाला दर्जा लावणारे आपण कोण? बुडत्या गावातून माणसं काढणं ही आमची ड्युटी होती. त्या म्हातारीचं घर वाहून गेलं होतं, उरली होती ती शेळी. बंदुकीशिवाय ज्यांना सैनिक ओळखू येत नाही, त्यांच्यासाठी मी एक अक्षर लिहिणार नव्हतो.

पण खरी भीती वेगळी होती. साहेबांच्या याडीला ते पुरात गेले एवढंच माहीत होतं. शेळीचं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. तसाच उठून त्यांच्या घरी गेलो. त्या अंगणात तूर पाखडत होत्या. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, वेळेसकट.

सूप थांबलं.

"थे शेळी वाचली काय?"

"वाचली, याडी. छावणीतच व्याली. दोन पिल्लं."

त्यांनी सूप पुन्हा उचललं.

"मंग तिले गाळू नको."

दगडावर कोरायला मी दिलेला मजकूर असा: लेफ्टनंट अविनाश आडे. पुरात अडकलेली सात माणसं आणि एक शेळी बोटीत बसवली. स्वतः मागे राहिले.