मिंडाताईचा फ्लेक्स

फिलिपिन्समधल्या आमच्या नुएवा एसिहात कुणाचं पोर कशात पास झालं की चौकात त्याचा फ्लेक्स लागतो. डाव्या कोपऱ्यात फोटो पोराचा, पण शेजारी गावच्या कप्तानांचा, म्हणजे सरपंचांचा, त्याहून मोठा. माझी चुलत बहीण लुझविमिंदा, म्हणजे मिंडाताई, हिला बेडकांच्या अभ्यासासाठी विद्यापीठात थेट पीएच.डी.ला प्रवेश मिळाला. कप्तानांनी प्रवेश आणि पदवी यांत फरक न करता छापून टाकलं: 'आमच्या गावाची पहिली डॉक्टर'.

झालं. ताई सुट्टीला आली की शेजारची पुरिंग आजी गुडघा उघडा करून समोर बसायची.

"आजी, मी बेडकांची डॉक्टर. तीही अजून झाले नाही."

"असू दे गं. बेडकाला पण गुडघे असतातच की."

ताई लाजेने लाल व्हायची आणि मुकाट्याने गुडघा चेपून द्यायची.

या वेळी मात्र ती ठरवूनच आली होती. पीएच.डी. अर्ध्यात सोडली तर एम.एस्सी. पदरात पडते. पुढची चार वर्षं प्रयोगशाळेत कोंडून घ्यायची तिची इच्छा उरली नव्हती. तिला चिखलात बेडकांमागे फिरायचं होतं, आणि शेजारच्या गावात शिकवायची नोकरीही मिळत होती. प्राध्यापकांशी बोलून झालं होतं. राहिले होते तातय, म्हणजे तिचे वडील. ते वाट लांबची पडत असूनही रोज सायकल त्या फ्लेक्सखालूनच नेत.

"तूच सांग ना त्यांना," ती मला म्हणाली.

"मला नको ओढू यात. मी कॉलेज सोडलं तेव्हा एक बरं होतं, उतरवायला माझा फ्लेक्सच नव्हता."

शेवटी न्याहारीला तिनेच सांगितलं. तातयनी सुक्या मासळीचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"नापास झालीस?"

"नाही. मलाच नको आहे."

"मग कप्तानांना काय सांगू?"

ताईने मान खाली घातली. नापास झाले असते तर बरं, असंच तिला वाटलं असणार. नापासाची लाज सगळं घर वाटून घेतं. 'नको' म्हटल्याची एकटीलाच सोसावी लागते.

तातय शिडी घेऊन चौकात गेले. भर बाजारात, सगळ्यांदेखत, एकेक गाठ सोडू लागले.

"काय रे सिमो, नवा लावतोस?" पुरिंग आजीने विचारलं.

"भात वाळवायला हवा होता."

अंगणात त्यांनी फ्लेक्स पसरला, चेहरे वर ठेवून, आणि त्यावर भात ओतला. मग नेहमीसारखे अनवाणी पायांनी तो फिरवू लागले. कप्तानांच्या चेहऱ्यावरून बिनदिक्कत गेले, परत आले. पण डाव्या कोपऱ्याशी पोचले की वळसा घालत. तिथला ढीग तसाच ओला राहिला.

ताई पायरीवरून हे बघत होती. मग उठली, चपला काढल्या, आणि कुणाकडेही न बघता आपल्याच चेहऱ्यावरचा भात पायांनी फिरवू लागली.