पडदा नसलेलं मशीन

काशीदला घरी बसून कल्पिता मुंबईच्या एका संशोधन संस्थेचं काम करायची. शेकडो माणसांच्या मेंदूचे एमआरआय संस्थेच्या सर्व्हरवर यायचे आणि ती आपल्या लॅपटॉपवरून त्यांची मोजमापं करणारं सॉफ्टवेअर चालवायची. सर्व्हरला पडदा, म्हणजे स्क्रीन, नव्हताच. तिला दिसायच्या फक्त अक्षरांच्या ओळी. सॉफ्टवेअर चित्र काढायला गेलं, की पडदा सापडत नाही म्हणून बंद पडायचं. शेवटी तिने त्याला एक खोटा पडदा करून दिला. चित्रं त्यावर उमटायची, फाइलीत जाऊन बसायची आणि मुंबईचे डॉक्टर ती बघायचे. तिने स्वतः एकही उघडलं नव्हतं.

आई मात्र गावभर सांगायची, "आमची कल्पी मेंदू तपासते." कल्पिताने ते कधी खोडलं नाही.

शेजारचे अनंताकाका किनाऱ्यावर शहाळी विकायचे. एकदा चक्कर येऊन पडले. अलिबागला एमआरआय झाला. फिल्म लगेच मिळाली. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी घेऊन डॉक्टरांकडे जायचं होतं. घरी येताच तुळशीकाकी फिल्म घेऊन कल्पिताकडे आली.

"कल्पे, बघ गो जरा. काय हाय ह्यांच्या डोक्यात?"

कल्पिताने फिल्म खिडकीशी धरली. करड्या चकत्यांच्या रांगा. एकीत पांढरा ठिपका होता. तो असायला हवा की नको, तिला कळेना. आई कौतुकाने बघत होती.

"तसं वाईट काही दिसत नाही, काकी."

काकीने पदराने डोळे पुसले.

चार-पाच दिवसांनी कल्पिता किनाऱ्यावर गेली, तर काका टपरीच्या छपरावर चढून ताडपत्री बांधत होते.

"काका, रिपोर्ट आणला?"

"आता कशाला? तू बघितलंस ना!"

"आधी खाली उतरा."

ते उतरले. काकी होती, गिऱ्हाईकं होती. सगळ्यांसमोर ती म्हणाली, "मला त्यातलं काही कळत नाही. मेंदूचा फोटो मी पहिल्यांदा बघितला तो तुमचाच."

"मग सांगितलंस कशाला?" काकीने विचारलं.

कल्पिताने रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली.

काका-काकी तशीच त्या रिक्षाने अलिबागला गेली. मेंदूत रक्ताची गुठळी निघाली. काका बरे होऊन घरी आले, पण डावा हात जड झाला तो झालाच. तो तसाही जायचाच होता की तिच्या शब्दावर थांबलेल्या त्या चार-पाच दिवसांत गेला, हे डॉक्टरांना विचारायची कल्पिताची छाती झाली नाही.

आता शहाळी काकी सोलते. कल्पिता टपरीवरून जात नाही. सुरूच्या बनातून लांबचा फेरा घेते.