ओमानमधली लिफ्ट

मुलगी जाऊन चार महिने झाले होते, तरी तिचा फोन मी चालू ठेवला होता. ईदच्या सकाळी त्यावर एका म्हाताऱ्या माणसाचा निरोप आला. मोडक्या हिंदीत तो म्हणत होता, "बेटी, ईद मुबारक. बहुत दिन हुआ, फोन नहीं किया."

आवाज कोणाचा ते मला लगेच कळलं.

आदल्या वर्षी एक नोकरी सोडून दुसरी धरायच्या मधल्या काळात ती एकटीच ओमानला गेली होती. वय सत्तावीस, जन्म इथलाच, अमेरिकेतल्या बॉथेलचा. एका संध्याकाळी बस चुकली म्हणून तिनं रस्त्यावर हात करून लिफ्ट मागितली. हा माणूस पिकअप घेऊन थांबला. शेजारी बसलेल्या बायकोला त्यानं मागच्या सीटवर बसवलं आणि हिला तिच्याजवळ. वाटभर त्यानं हिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. जे विचारायचं ते समोर रस्त्याकडे बघतच विचारलं. हिला आधी वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. मग लक्षात आलं, तो तिचा मान ठेवतोय. दोन दिवस ती त्यांच्याच घरी राहिली. डोक्यावर ओढणी घेतली, उजव्या हातानं जेवली, घरातल्या बायकांचे फोटो काढायचे नाहीत हे कोणी न सांगता पाळलं.

हे सगळं तिनं परत आल्यावर आपल्या बाबांना सांगितलं. मी ओट्याशी पाठमोरी उभी राहून ऐकत होते. लिफ्ट घेतल्याचा मेसेज तिनं त्या गाडीतूनच केला होता; तो वाचल्यापासून मी तिच्याशी धड बोलत नव्हते. परक्या देशात, परक्या माणसाच्या गाडीत पोरीची जात बसतेच कशी, एवढंच माझं म्हणणं. ती म्हणाली, "आई, तू त्यांच्याशी एकदा बोल ना." मी बोलले नाही. ती मात्र आमच्याकडे आली की स्पीकर लावून त्यांच्याशी गप्पा मारायची.

परक्या गाडीत तिला काही झालं नाही. ती गेली ती स्वतःच्या गाडीत, ऑफिसला जाताना, घरापासून हायवेच्या दोन एक्झिटवर, सीटबेल्ट लावलेला असताना.

ईदच्या त्या सकाळी नवरा म्हणाला, राहू दे, कशाला सांगतेस. मी फोन लावला. माझं सांगून झाल्यावर त्यानं ते पलीकडे आपल्या भाषेत सांगितलं. मग बायकोचा आवाज आला. तिला हिंदी येत नव्हती. ती नुसती रडत राहिली, आणि मी इकडे.

आठवड्यानं त्यानंच फोन केला. सांगितलं, तीन दिवस घराचं दार उघडं ठेवलं होतं, गावातली माणसं येऊन बसून गेली. आमच्या इथली शोकसभा शनिवारी ठेवली होती, सगळ्यांना सोयीचं म्हणून. हॉल दोन तासांसाठीच मिळाला होता. पुढे कोणाचा तरी वाढदिवस होता. ते मी त्याला सांगितलं नाही.

मग तो जरा चाचरत म्हणाला, "यहाँ से आपको फोन किया था उसने. मेरे फोन से. मेरी औरत बोली, पहले माँ को बताओ, तू ठीक है. आपने उठाया नहीं."

नंबर ओळखीचा नव्हता म्हणून घेतला नाही, असं मी म्हणाले. तो म्हणाला, हाँ हाँ, ऐसा होता है.

ते खरं नव्हतं. नंबर तिकडचा आहे आणि फोनवर तीच असणार, हे मला ठाऊक होतं. फोन दोनदा वाजला, आणि दोन्ही वेळा मी तो वाजू दिला.

ती दोघं आम्हाला बोलावतात. नवऱ्यानं पासपोर्ट रिन्यू करायला टाकलेत. फोनचं हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.