तिसऱ्यांदा विचारल्यावर

ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये केचपच्या पुड्या आपोआप साठतात, तसेच किस्से. कुणी मुद्दाम जमवत नाही आणि टाकतही नाही. माझ्याकडचे बरेचसे आमच्या आर्ट सेंटरचे. २००५-०६ची गोष्ट. प्रिन्स्टन जंक्शनजवळच्या या सेंटरमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळायचो. आजच्या चिनी कलेची प्रदर्शनं मांडणाऱ्या क्युरेटरांना सेंटर रेसिडेन्सी द्यायचं: चार महिने या, राहा, रिसर्च करा, खर्च आमचा! त्या वर्षी चेंगदूहून लिन आला.

*

पहिल्या सकाळी आमच्या डायरेक्टर बाईंनी, हेलनने, त्याला विचारलं, "कॉफी?" लिन म्हणाला, "नको, नको." हेलनने आपला कप भरला आणि ती गेली. आठवडाभर हेच! शेवटी मी म्हटलं, "कॉफी आवडत नाही का रे?"

"फार आवडते! पण ती एकदाच विचारते!"

*

एकदा त्याला वेस्ट विंडसरला आमच्या घरी जेवायला आणलं. चीनमध्ये ताट चाटूनपुसून संपवलं, तर यजमान वाढायला कमी पडला असा अर्थ होतो म्हणे. म्हणून लिन एक पुरी ठेवायचा. माझी बायको वर्षा नागपूरची. "भाऊ, अन्न टाकायचं नसते!" बिचारा ती खायचा. ताट रिकामं दिसलं की ही आणखी दोन वाढायची. मुलगा ओरडला, "मॉम, स्टॉप! ही इज गोइंग टू बर्स्ट!"

कणीक संपली म्हणून माणूस वाचला.

*

लिनचा विषय म्हणजे चीनमध्ये उघडल्या उघडल्या बंद पाडलेली प्रदर्शनं. अशाच एका प्रदर्शनातले एक म्हातारे चित्रकार क्वीन्समध्ये राहायचे. हेलनने गाडी काढली, स्कॅनर घेऊन मीही गेलो. लिनने जुन्या फोटोंबद्दल विचारलं. आजोबा म्हणाले, "छे, दाखवण्यासारखं काही नाही." हेलन लगेच कोट चढवून उभी! लिन जागचा हलला नाही. त्याने पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा. तेव्हा कुठे आजोबांनी पलंगाखालून खोकं ओढलं.

खोकंभर फोटो, आणि त्यांतली माणसं कोण ते फक्त आजोबांना ठाऊक. चार महिन्यांत हे उरकणं शक्यच नव्हतं. लिनला एक्स्टेन्शन हवंच होतं, आणि ते हेलनच्या हातात होतं.

परतताना हेलन म्हणाली, "ते दाखवणार हे तुला कसं कळलं?"

"त्यांनी चहा ठेवला होता ना!"

*

हेलनने हे फारच मनावर घेतलं. चिनी शिष्टाचाराचं वर्कशॉप करून आली आणि सांगत सुटली, "तीनदा विचारायचं! पहिली दोन उत्तरं धरायचीच नाहीत!"

इकडे वर्षाला लिनची काळजी. "भाऊ, पहिल्याच झटक्यात येस म्हणा. इथे दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही!"

हेलनने त्याला बोलावलं तेव्हा मी तिच्या केबिनमध्ये प्रिंटर जोडत होतो.

"लिन, अजून सहा महिने राहशील?"

"येस!"

हेलन गोड हसली. "संकोच करू नकोस. नक्की राहायचंय?"

"येस... हो."

"अगदी मनापासून सांग. खरंच राहायचंय का तुला?"

लिनचा चेहरा पडला. तो उठला आणि थोडा वाकून म्हणाला, "नको. तुम्ही माझ्यासाठी आधीच खूप केलंत. मी परत जातो."

दार लागलं. हेलन खुशीत माझ्याकडे वळली.

"बघितलंस? तिसऱ्यांदा विचारलं म्हणून खरं काय ते कळलं!"