डोणगावच्या पुलातला आवाज

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. डोणगावजवळच्या नाल्यावर पूल बांधणं चालू होतं आणि मी तिथे ओव्हरसिअर होतो. एक स्लॅब ओतताना काही पोत्यांतलं सिमेंट दमट निघालं. कामावरच्या मिस्त्रींनी ते वापरायचं का विचारलं, मी म्हणालो, "वापरा." ही गोष्ट वरच्या साहेबांच्या कानावर गेली, आणि स्लॅब तपासायला एका कॉलेजातले प्राध्यापक आले.

त्यांनी जीपमधून रेडिओएवढी पेटी उतरवली. ग्रामोफोनच्या पिनेमागे असतो तसला स्फटिक स्लॅबच्या पोटाला मेणाने चिकटवला, त्याची वायर पेटीत खोचली आणि हेडफोन माझ्या कानांवर चढवला. "काँक्रीटला तडा डोळ्यांना दिसण्याआधी आत आवाज होतो. नुसत्या कानाला तो येत नाही," ते म्हणाले.

वर मजूर वाळूची पोती रचू लागले. आधी नुसती खरखर. मग टक्. जरा वेळाने पुन्हा टक्, टक्.

"पहिल्यांदा थोडा आवाज होणारच," प्राध्यापक म्हणाले. "आता पोती उतरवून पुन्हा चढवू. स्लॅब धड असेल तर आधीच्या वजनापर्यंत गप्प राहील. त्याआधीच बोलला, तर आत काही बिघडलंय."

पोती उतरली, पुन्हा चढू लागली. अर्धी झाली असतील, आणि टक्. की वर पोतं घसरलं? मी गोंधळून हेडफोन मिस्त्रींना दिला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"मले तं काईच नाई आयकू येत, सायेब."

प्राध्यापकांनाही काही ऐकू आलं नाही. "तुम्हाला नक्की आला?" त्यांनी मला विचारलं.

हो म्हणावं तर मिस्त्रींच्या कामावर ठपका, नाही म्हणावं तर ते दमट सिमेंट मनात. मी "आला" म्हणालो. ऐकलं म्हणून की भीती वाटली म्हणून, ते आजही सांगता येत नाही.

शंका आहे तर स्लॅब ठेवू नका, असा वरून हुकूम आला. चार दिवस घण चालले. काँक्रीट इतकं घट्ट होतं, की घण उसळून परत येत होता. फक्त एका टोकाला, स्फटिकापासून बरंच लांब, खडीत मूठभर पोकळी निघाली. मी प्राध्यापकांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं: आवाज तिथूनही आला असेल, पोत्यांचाही असेल; एका स्फटिकावरून जागा कळत नाही.

मिस्त्री त्या पोकळीत बोट घालून बसले होते. "हे माया हातची चूक हाय, सायेब. पन एवढ्यापायी सारा स्लॅब फोडा लागते काय?"

"मलाही नाही कळत."

"तुमाले नाई कळत, तं मंग म्या कोनाले इचारू?"

नवा स्लॅब ओतायला ते आले नाहीत. उंद्रीकडे दुसऱ्या कामावर गेल्याचं कळलं. जाऊन भेटावं असं बरेचदा वाटलं. पण भेटून काय सांगायचं, तेच मला उमगलेलं नव्हतं.