आबांचा चेहरा, बोटभर आत

माझ्या कोरीव कामाची सुरुवात हवेत झाली.

संगणकाच्या आज्ञेवर लाकूड कोरणारं एक छोटं मशीन मी हौसेनं मागवलं होतं. लोक त्याला सीएनसी म्हणतात, माझी माय 'तुन्ही गिरणी' म्हणायची. हौसेला निमित्तही होतं. आबा, म्हणजे माझे वडील, गेल्यानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. त्या दिवशी पितरांच्या नावानं घागर भरायची, एकेकाचं नाव घेत उंबरठ्यावर कुंकवाचं बोट ओढायचं आणि नव्यानं गेलेल्या माणसाला त्या रांगेत बसवायचं. मायचा एक डोळा कधीचाच निकामी झालेला. भिंतीवरच्या आबांच्या फोटोसमोर उभी राहून ती म्हणाली होती, "माले नुस्ती काच दिखस. हातले लागी असं काही कर."

मी छाती फुगवून हो म्हणालो. मी शाळेत विज्ञान शिकवतो. लाकडात चेहरा उठवायला कितीसा वेळ लागणार?

मशीन कापूस भरायच्या खोलीत बसवलं. कापूस विकून झालेला, खोली मोकळी, उजव्या भिंतीला एकच खिडकी. मोबाईलवर हौशी लोकांचा एक ग्रुप सापडला, तिथे मी पहिला प्रश्न विचारला, मशीनचं शून्य, म्हणजे कोरायला सुरुवात करायची पातळी, कुठे असतं? उत्तर आलं, "तुम्ही ठेवाल तिथे." मला ते अध्यात्म वाटलं. प्रत्यक्षात ती नुसती वजाबाकी होती. कोरणारा बिट आणि फळी यांच्यामध्ये एखादी वस्तू ठेवायची, बिट तिला टेकवायचा आणि शून्य लावताना त्या वस्तूची जाडी वजा करायची. मी चष्म्याची डबी ठेवली, बिट टेकवला, डबी खिशात टाकली आणि वजाबाकी विसरलो.

मशीन सुरू झालं. फळीच्या बोटभर वर, हवेत, बिट एकेक ओळ ओढू लागला. आखाजीसाठी नवापूरहून माहेरी आलेली बहीण दारात मायला घेऊन उभी होती.

"हाई मशीन काय करी ऱ्हायनं?" मायनं विचारलं.

"आबास्ना चेहरा."

"कोठे?"

बहीण म्हणाली, "हवामा. दादानं काम शे, त्याले फळी कसाले लागस?"

मशीन तिथेच थांबवायला हवं होतं, पण मला ते जमेना. बिट कपाळावरून ओळीओळीनं खाली आला, गालावरून गेला, ओठांशी रेंगाळला. तिथे काहीच नव्हतं, तरी तो एका चेहऱ्याच्या कडेकडेनं फिरत होता. नाकाशी आला की मात्र वर उठण्याऐवजी खाली बुडायचा. हुशार माणसाला तेव्हाच कळलं असतं. मी उकाड्याला शिव्या देत बसलो होतो. हनुवटीपर्यंत जाऊन मशीन थांबलं. फळी कोरी होती. माय मात्र फळीकडे बघतच नव्हती, तिच्या वरच्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

शून्य नीट लावून दुसऱ्या दिवशी खरं कोरलं. जेवून आलो तर काम झालेलं. भुसा झटकला आणि चूक दिसली. फोटोवरून चेहऱ्याचा उंचसखलपणा काढताना सॉफ्टवेअरनं विचारलं होतं, पांढरं म्हणजे उंच की खोल? मी घाईत 'खोल'वर टिचकी मारली होती. नाकाच्या जागी खड्डा, गालांच्या जागी खड्डे. आख्खे आबा लाकडात आत गेलेले.

"यान्हामा आते पेढा थाप," बहीण म्हणाली.

फळी एकच होती, आबांच्या पलंगाची. आखाजी उद्यावर आलेली. मी ती समोरच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि दाराकडे निघालो. बहीण काहीतरी बोलत होती, ती मध्येच थांबली.

"दादा, आबा इकडे देखी ऱ्हायनात."

मी वळलो. दारातून बघितलं तर खड्डा नव्हता. आबांचा चेहरा फळीतून बाहेर आलेला, भरलेला, गालफडांसकट. मी दोन पावलं डावीकडे सरकलो. तोही डावीकडे वळला. उजवीकडे गेलो, तर उजवीकडे. खिडकी उजव्या हाताला होती, पण त्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून पडलेला दिसत होता. डावी भिंत सपाट होती. तिकडून उजेड यायला काही जागाच नव्हती.

याचं कारण मला ठाऊक आहे. आत गेलेला चेहरा मेंदूला पटत नाही, तो त्याला बाहेर काढूनच बघतो, आणि एकाच डोळ्यानं बघणाऱ्याला तर तो जास्तच खरा दिसतो. वर्गात मी हे फळ्यावर आकृती काढून सांगू शकतो. त्या खोलीत मी पुन्हा दोन पावलं डावीकडे सरकून बघितलं.

माय केव्हा आत आली कळलं नाही. ती फळीसमोर एका कडेहून दुसऱ्या कडेला सावकाश गेली आणि परत आली.

"मी जठे जास तठे देखतस," ती म्हणाली.

"माय, ते चुकीनं…"

तिनं ऐकलं नाही. गालाला लावायला हात पुढे केला. गाल जिथे दिसत होता तिथे बोटं पोचली आणि थांबली नाहीत, आत गेली. बहिणीनं माझा दंड घट्ट धरला. माय तशीच उभी राहिली, हात अर्धवट आबांच्या चेहऱ्यात.

"मांगे सरकनात," ती शांतपणे म्हणाली.

आबा जन्मभर तेच करायचे. पाडव्याला माय ओवाळायला आली, कुंकवाचं बोट कपाळाजवळ आलं, की लाजून मान मागे घ्यायचे. मग टिळा नाकावर लागायचा आणि आम्ही हसायचो.

"दुसरं करी देस, माय. सरळ," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ दे."

आखाजीच्या सकाळी घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, शेजारी ती फळी उभी केली. उंबरठ्यावर एकेकाच्या नावानं बोटं ओढून झाली. मग माय फळीसमोर बसली, बोटाला कुंकू घेतलं आणि कपाळाकडे नेलं. बोट हवेतच राहिलं. तिनं मागे घेतलं नाही. पुढे सारत राहिली, लाकूड लागेपर्यंत.

"आते कोठे जाशात," ती म्हणाली आणि बोट दाबून धरलं.

मी पितरांच्या नावानं चुलीतल्या निखाऱ्यावर तूप सोडायला उठलो. फळीपुढून जाताना मान खालीच ठेवायची असं ठरवलं होतं. ते काही जमलं नाही. कपाळावरचं कुंकू माझ्याबरोबर वळत होतं, चुलीपर्यंत.