कारणाचा रकाना

आमची गाडी दर चार दिवसांनी मान टाकायची. सकाळी किल्ली फिरवली की नुसतं टक, पुढे काही नाही. बॅटरी नवी टाकली, तिचीही तीच गत. कानपूर रोडवरच्या मिस्त्रीने बॉनेट आपटून बंद केलं आणि म्हणाला, "दीदी, गाड़ी में कुछ नहीं है. अंकलजी लाइट जली छोड़ देते होंगे. उमर हो गई है."

अंकलजी, म्हणजे माझे बाबा, शेजारीच उभे होते. त्यांचा सगळा जन्म हवाई दलात विमानांच्या वायरी तपासण्यात गेलेला. निवृत्तीनंतर ते साताऱ्याला परत न जाता इथेच, सरोजिनी नगरात राहिले, कारण मी लखनौच्या एका संशोधन संस्थेत नोकरीला होते आणि त्यांना अमौसी विमानतळाची विमानं डोक्यावरून जाताना ऐकायला आवडायची. मिस्त्रीला ते उलटून बोलतील असं मला वाटलं होतं. ते फक्त "हो सकता है" म्हणाले.

आणि मीही ते धरून बसले, हे सांगायला आजही जड जातं. रोज संध्याकाळी मी विचारायचे, "बाबा, दिवे बंद केले ना? नक्की?" माझ्या मोठ्या काकांना शेवटी शेवटी सख्खी मुलंही ओळखू येत नव्हती. आमच्या घरात तेव्हापासून चष्मा हरवला तरी सगळे एकमेकांकडे बघायचे. जूनमध्ये एक दिवस बाबांनी गाडीची किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवली. "आता तूच चालव," म्हणाले.

किल्ली माझ्याकडे आली आणि पाचव्या दिवशी गाडी पुन्हा मेली. दिवे मी स्वतः बंद केले होते, दोनदा बघून.

मग मात्र माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. वीज जातेय तर कुठेतरी जात असणारच, हवेत थोडीच विरते? रविवारी सकाळी संस्थेतून मागून आणलेला वीज मोजायचा मीटर घेऊन मी अंगणात उतरले. बाबा खुर्ची टाकून लांब बसले. ज्यांनी मला पहिल्यांदा मीटर धरायला शिकवलं, ते त्या दिवशी हात लावेनात. मला उत्सुकता होती आणि त्यांना भीती, हे मला फार उशिरा कळलं.

बॅटरीची एक वायर सोडवून मध्ये मीटर लावला. बंद गाडी जवळजवळ अर्धा अँपिअर खात होती. आता एकेक फ्यूज काढायचा आणि आकडा पडतो का बघायचं. हॉर्नचा काढला, काही नाही. पंख्याचा, काही नाही. सातव्या फ्यूजला आकडा धपकन शून्यावर आला. त्या फ्यूजवर गाण्यांचा टेप होता, आतला दिवा होता आणि डिकीतला छोटा दिवा होता. टेप काढून ठेवला, आतला दिवा बंदच होता, तरी फ्यूज परत लावताच अर्धा अँपिअर हजर.

"म्हणजे डिकी," मी म्हटलं. "पण यार, ती उघडली की दिवा लागतो, लावली की विझतो."

"विझतो हे कुणी पाहिलंय?" लांबून आवाज आला. सकाळपासूनचं त्यांचं पहिलं वाक्य.

खरंच की. बंद डिकीत कोण बघायला जातंय! मी आत शिरायला निघाले तर बाबा उठूनच आले. शेवटी माझा मोबाईल व्हिडिओ चालू करून आत ठेवला, डिकी लावली आणि मनात वीस आकडे मोजले. बाहेर काढून दोघांनी पाहिलं. झाकण बंद झाल्याचा दणका ऐकू आला आणि दिवा आपला लख्ख जळत राहिला.

दिवा विझवणारी जी खुंटी झाकणाने दाबली जायला हवी, तिची पट्टी वाकली होती. पट्टीच्या फटीत भाताच्या पेंढ्याची एक काडी अडकली होती. बाबांनी ती चिमटीत धरून पाहिली आणि आत जाऊन गाडीचं रजिस्टर आणलं. हवाई दलाची सवय: तारीख, दोष, कारण, दुरुस्ती, सही. पेट्रोल भरलं तरी नोंद. मे महिन्यातल्या एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. "चारबाग स्टेशनहून आंब्याच्या दोन पेट्या आणल्या. चालक: मुलगी." त्यानंतर चौथ्या दिवशी गाडी पहिल्यांदा बंद पडली होती.

मला आठवलं. दुसरी पेटी बसत नव्हती आणि मागचा ऑटोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. मी पेटी कोंबली होती आणि झाकण अंगाचा भार देऊन लावलं होतं. घरी येईपर्यंत विसरलेही होते.

पण मी पाहत होते ती पुढची पानं. किल्ली माझ्याकडे येण्याआधीच्या, बॅटरी उतरल्याच्या सहा नोंदी होत्या आणि प्रत्येकीत कारणाच्या रकान्यात त्यांच्या टपोऱ्या अक्षरात एकच शब्द होता: "विसरलो." मला लाजेने वर बघवेना.

पट्टी पकडीने सरळ करायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मीटर शून्यावर आला. मी पेन घेतलं आणि पहिला "विसरलो" गिरगटायला लागले तर त्यांनी हात धरला. "असं नाही. एकच रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. आणि जो खोडतो त्याची सही."

मी सहा रेघा मारल्या, सहा सह्या केल्या. मग आजच्या नव्या नोंदीत कारण लिहिलं: "पेटी कोंबताना पट्टी वाकवली, मी." त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"म्हणजे दिवे मी बंद करत होतो."

"हो, बाबा."

"रोज?"

"रोज," मी म्हटलं आणि किल्ली त्यांच्या हातात दिली.